चौकशी कोणी केली?

साकीनाक्याच्या गाळ्यात आग लागली, काकांची दोन्ही छपाईयंत्रं जळाली. विमा कंपनीने दावा नाकारला नव्हता, भांडण फक्त रकमेचं. फायर पॉलिसीतल्या कलमानुसार ते लवादाकडे, म्हणजे कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या त्रयस्थाकडे गेलं आणि निवाडा आला तो मागणीच्या निम्म्याहून कमी.

काका बिलांची पिशवी घेऊन आमच्या फोर्टच्या वकिली ऑफिसात. "ताई, एवढी बिलं जजसाहेबांना दाखवा ना." इथेच अशिलाला समजावताना घसा कोरडा पडतो. १९९६ च्या लवाद कायद्यातल्या कलम ३४ खाली निवाडा रद्द करून मागता येतो, पण ते अपील नव्हे. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान मोजणाऱ्याने, धरलेला घसारा (जुनेपणामुळे किमतीत झालेली घट) लवादाला पटला, तर हायकोर्ट तो हिशेब पुन्हा मांडायला बसत नाही. आम्हाला बाजूच मांडू दिली नाही, असं काही दाखवता आलं तर गोष्ट वेगळी.

ते सापडलं निवाड्यातल्या घसाऱ्याच्या परिच्छेदात. 'बाजारात चौकशी केली असता जुन्या यंत्रांचे दर कमी असल्याचे समजले.' कोणी केली चौकशी? सर्व्हेअरच्या अहवालात ते दर नव्हते, कंपनीच्या जबाबात नव्हते, उलटतपासणीतही नव्हते. रोजनाम्याचं, म्हणजे सुनावण्यांच्या नोंदींचं, पानन् पान चाळलं. लवादाने परस्पर कुठेतरी विचारलं होतं आणि आम्हाला ते कळलं थेट निवाड्यात.

कोर्टात कंपनीचे वकील म्हणाले, दर बरोबरच आहेत. असतीलही! पण ते खोडण्याची संधी आम्हाला कधी मिळाली? कलम १८ प्रमाणे दोन्ही पक्षांना बाजू मांडायची पूर्ण संधी हवी. कलम २४ प्रमाणे लवाद ज्या पुराव्याच्या कागदावर विसंबणार, तो दोघांनाही मिळायला हवा. सोबत दाखला म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: सांगयोंग विरुद्ध राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, २०१९. तिथे लवादाच्या बहुमताने सरकारी संकेतस्थळावरची मार्गदर्शक तत्त्वं परस्पर वापरली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. सरकारी कागदाची ही गत, तर तोंडी चौकशीची काय कथा.

आमचाही निवाडा रद्द झाला.

"मग चेक कधी?" काकांनी जिन्यातच विचारलं. कोर्टाने आकडा ठरवून दिला नव्हता. आता पुन्हा लवाद, पुन्हा फी, आणि मिळत होती ती तुटपुंजी रक्कमही तूर्त गेली. हे आधी सांगून झालं होतं, पण जिंकल्यावर ते ऐकणं वेगळंच. मधली वर्षं कलम ४३ मुळे नव्याने लवाद सुरू करायच्या मुदतीत धरली जाणार नाहीत, या दिलाशाकडे त्यांनी लक्षच दिलं नाही.

"जुन्या यंत्रांचे दर मीच काढून आणतो," ते म्हणाले.

"आणा, पण लेखी. आणि एक प्रत कंपनीला द्यावी लागेल."

"त्यांना कशाला?"