आज आजीचा तेरावा झाला

आज आजीचा तेरावा झाला. नव्वदी तिनं कधीच ओलांडली होती, नेमकी जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. दिवसभर माणदेशातले पाहुणे येत होते आणि ज्याच्या त्याच्या तोंडी १९७२ चा दुष्काळ.

आजोबा त्याआधीच गेलेले. पदरात चार लेकरं. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं मिळणारी सुकडी स्वतः न खाता पदराला बांधून पोरांसाठी आणायची. रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो, ती लाल ज्वारी. त्या पिठाला चिकी नसायची, भाकरी थापताना तुटायची. मग ही आधणाचं पाणी घालून मळायची, पण भाकरी अख्खीच पानात पडायची. थोरल्या आत्या हे सांगताना हातानं भाकरी थापूनच दाखवत होत्या!

तिच्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं होतं, हातोडीचा घाव बसलेला. लहानपणी आम्ही तोच अंगठा धरून झोपायचो. तो कशानं तसा झाला, हे तिनं कधी सांगितलं नाही.

पोरं खडीवर नेली असती तर मजुरी वाढली असती. भावकीनं तसं सुचवलंही. तिनं एकालाही शाळेतून काढलं नाही. धाकट्या आत्या पुढं मॅट्रिक झाल्या, आमच्या घरातली पहिली मुलगी. मला आजीचा फार अभिमान वाटतो.