हळदीच्या घरात जेल नेल्स: माझा अनुभव

नेल आर्टचे व्हिडिओ बघताना मला कायम एकच प्रश्न पडतो, ह्या बायका जेवतात कशा? नखं ही एवढी लांब, टोकदार, दुधी पांढरी, वर बारके मोती चिकटवलेले आणि तो हात आपला कॉफीच्या मगाभोवती ठेवलेला. आमच्याकडे त्याच हाताने वरणभात कालवायचा असतो, लसूण सोलायचा असतो, आणि घरात लग्न असेल तर विचारूच नका, हळद तर थेट हातापायांवरच येणार.

तर धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि तिला नखं हवी होती. पार्लरवालीने दोन्ही हातांचे अडीच हजार सांगितले, वर मोत्यांचे वेगळे. मला हे आवडतं, गेली काही वर्षं स्वतःच्या नखांवर खेळ चालूच असतो, त्यामुळे मी म्हटलं मी करते, पण माझ्या अटींवर. पहिली अट, पांढरा किंवा न्यूड (म्हणजे कातडीच्या रंगाचा) बेस नाही. हळद त्याच्यावर अशी काही बसते की फोटोत नवरीला कावीळ झाल्यासारखी वाटते. दुसरी अट, एक्स्टेन्शन नाही, जे नख आहे त्याच्यावरच. तळहाताच्या बाजूने बघितलं तर बोटाच्या वर नखाची जेमतेम एक रेघ दिसली पाहिजे, बास. तिला पुढे पंगतीत घास भरवायचाय, मंगळसूत्राचा हूक लावायचाय, आणि ती लेन्स घालते, लांब नखांनी डोळ्यातून लेन्स काढून दाखवावी कुणीतरी.

थोडं रुसवेफुगवे झाले. मग ठरलं, मरून बेस, टोकाला सोनेरी नारळी काठ, आणि दोन्ही हातांच्या अनामिकेवर मुनिया. लग्नाची साडी पैठणीच होती, पदरावर मुनिया होत्याच. तिला खरं म्हणजे बांगडी मोर हवा होता, पण एक सेंटीमीटरच्या नखावर मोराचा पिसारा काढणं माझ्या बापजन्मात जमणार नाही. मुनिया म्हणजे पोपटच तो, एक थेंब, एक बाक, एक चोच, झालं.

सामान आणायला तुळशीबागेत गेले. नखं घासायच्या फायली, बफर, संत्र्याच्या लाकडाच्या काड्या, ठिपके काढायचं डॉटिंग टूल सगळं तिथे मिळतं आणि स्वस्तही मिळतं. फक्त जेलच्या, म्हणजे यूव्ही लॅम्पखाली घट्ट होणाऱ्या नेलपॉलिशच्या, बाटल्या मी तिथून घेत नाही. लेबलवर घटकच नसतात बऱ्याचदा, आणि जेलच्या बाबतीत घटक वाचल्याशिवाय घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. ह्यात हेमा (लेबलवर HEMA) नावाचं एक रसायन असतं, ते घट्ट न होता कातडीला सारखं लागत राहिलं तर काहींना अ‍ॅलर्जी होते, आणि ही अ‍ॅलर्जी एकदा झाली की सहसा जन्मभराची, पुढे दातात सिमेंट भरतानाही त्रास होऊ शकतो कारण तिथेही त्याच कुळातली रसायनं असतात. दुसरं टीपीओ (TPO), जे लॅम्पच्या प्रकाशात जेल घट्ट करायला मदत करतं, त्यावर युरोपियन युनियनमध्ये १ सप्टेंबर २०२५ पासून बंदीच आली. म्हणून दोन्ही नसलेलं ऑनलाइन मागवलं, थोडं महाग पडलं. वहिनीला आर्टिफिशियल कानातल्यांनीसुद्धा पुरळ येतं, तिला मी सरळ सांगितलं, तुला साधं नेलपॉलिशच लावणार, जेल नाही. ती जरा खट्टू झाली पण ऐकलं.

आता क्रम. ह्याच्यावर आमच्याकडे अख्खी एक बैठक झाली म्हणा ना. मेंदी आधी की नखं आधी? मेंदी आधी काढली तर रंग चढावा म्हणून लावलेलं निलगिरीचं तेल नखांवरही जातं आणि तेलकट नखावर जेल धरतच नाही, चार दिवसात पापुद्रा सुटतो. शिवाय नवरीची बोटांची टोकं मेंदीने पूर्ण भरतात, कोऱ्या नखावर मेंदी बसली की ते केशरी नख वाढून कापलं जाईपर्यंत तसंच राहतं. आणि नख वाढतं महिन्याला साधारण तीन मिलिमीटर, म्हणजे पुढचे पाच-सहा महिने मोजा. म्हणून नखं आधी, दुसऱ्या दिवशी मेंदी, मग चुडा, मग हळद. मरून रंगावर मेंदीचा डाग पडला तरी कुणाला दिसतोय.

करायला बसलो ते जेवणं आटपल्यावर, मागच्या खोलीत. खिडकी उघडी आणि समई दुसऱ्या खोलीत, कारण नखं पुसायचं अल्कोहोल आणि जेल काढायचं अ‍ॅसिटोन दोन्ही पेट घेतात आणि लग्नघरात कुठे ना कुठे काहीतरी तेवत असतंच. 

लोकांना वाटतं नेल आर्ट म्हणजे ती नक्षी. नक्षीला वेळ लागतो तो लागतोच, पण खरा वेळ जातो त्याच्या आधीच्या कंटाळवाण्या कामात. कोमट पाण्यात बोटं बुडवून मुळाशी असलेली कातडी काडीने हळूच मागे ढकलायची (कापायची नाही, पार्लरमध्ये कापतात ते मला पटत नाही, तिथूनच इन्फेक्शन होतं), नखाला चिकटलेला तो पातळ पारदर्शक पापुद्रा खरवडून काढायचा, मग बफरने फक्त चमक जाईल इतकंच घासायचं. नख पातळ करायचं नसतं, पृष्ठभाग किंचित खरखरीत करायचा असतो. मग अल्कोहोलने पुसायचं आणि त्याच्यानंतर त्या नखाला कुणीही हात लावायचा नाही, आणि इथेच लग्नघरात सगळी गंमत असते, कारण मधेच आत्या आली, "बघू गं", म्हणून बोट धरलं, झालं, परत पुसा.

आत्या तिथेच बसली मग. तिच्या वेळी म्हणे लॅक्मेची एकच मरून बाटली फ्रीजच्या दारात असायची, लग्नकार्यालाच निघायची आणि घट्ट झाली की तिच्यात थिनर घालून परत वापरायची. लॅक्मे १९५२ सालची, आत्याही ५२ चीच, त्यामुळे त्या विषयावर ती अधिकारवाणीने बोलते. मी बेस कोट, म्हणजे रंगाच्या खालचा पहिला थर, लावला तर ती लगेच फुंकर मारायला लागली. तिला सांगितलं की हे फुंकरीने वाळत नाही, साध्या नेलपॉलिशमधलं थिनर उडून जातं म्हणून ते वाळतं, ह्यात उडून जाण्यासारखं काही नाहीच, ह्याला लॅम्पचा प्रकाशच लागतो, तोवर तासभर ठेवलं तरी ओलंच. "मग बरंय की, चुकलं तर पुसता येईल," आत्या म्हणाली. एका वाक्यात तिने जेलचा सगळ्यात मोठा फायदा सांगून टाकला, मला तो कळायला कितीतरी दिवस लागले होते.

बेस कोट अगदी पातळ. कातडीला लागू द्यायचा नाही, लागला तर लॅम्पमध्ये हात घालायच्या आधीच काडीने पुसून घ्यायचा, कारण कातडीवर बसलेलं जेल तिथूनच उचकटायला लागतं, आणि अ‍ॅलर्जीची वाटही तीच. नखाच्या टोकाची जी जाडी असते ना, समोरून दिसते ती, तिच्यावरूनही ब्रश फिरवायचा. हे केलं नाही की आपल्या हातांचं काम बघता टोकं आधी जातात. चार बोटं एकत्र लॅम्पमध्ये, अंगठा वेगळा, कारण चार बोटांबरोबर ठेवला की तो आडवा पडतो आणि एका बाजूला प्रकाशच पोचत नाही. हातांना बोटं कापलेले सुती हातमोजे घातले होते, लॅम्पमधून यूव्ही येतो म्हणून. पहिल्या काही सेकंदात नखाला चटका बसल्यासारखं होतं, घट्ट होताना ते गरम होतं, तेव्हा हात जरा बाहेर काढायचा आणि परत घालायचा. धाकटीने मोठ्याने किंचाळून आईला पळत आणलं, ते वेगळं.

मरूनचे दोन पातळ थर दिले. गडद रंगात रंगद्रव्य जास्त, ते प्रकाश अडवतं, म्हणून जाड थर दिला की वरून घट्ट आणि खालून चिकट राहतो आणि सुरकुत्या पडतात. ते यूएसबीवर चालणारे छोटे लॅम्प असतात ना, त्यात तर हमखास. माझा मोठा आहे, तरी मी मिनिटभर पूर्ण देते.

नक्षीचा सराव मी आधीच केला होता, श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणावर. झाकण गुळगुळीत असतं, जेल लावा, अल्कोहोलने पुसा, परत काढा, वाटेल तेवढं करा. सोनेरी पेंट जेल आणि पोरांच्या चित्रकलेच्या पेटीतला सगळ्यात बारीक ब्रश, त्याचे पण केस कापून चार-पाचच ठेवलेले. नारळी काठ सोपा निघाला, टोकाशी एक सरळ रेघ आणि तिच्यावर बारीक बारीक टोकं, दोन टोकांमध्ये टाचणीच्या डोक्याने एक ठिपका. दोन नखांचा काठ झाला की लॅम्प, मग पुढची दोन, म्हणजे आधीचं पुसलं जायची भीती नाही.

मुनियाला मात्र घाम फुटला. आधी हिरवा थेंब, एका बाजूला निमुळता करत नेला की शेपूट होते. तो पक्का करून घेतला. मग डोकं म्हणून ठिपका, लाल चोच खाली वळलेली, आणि शेवटी सोनेरी बाह्यरेषा. सगळी मजा त्या चोचीत आहे, जरा सरळ गेली की चिमणी होते, जास्त वळली की घुबड. उजव्या हाताचा पोपट झकास जमला. डाव्याचा जरा गुबगुबीत झाला होता, पण धाकटी म्हणाली राहू दे, ही जेवलेली मुनिया आहे. मग सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे टॉप कोट, लॅम्प, वरचा चिकट थर अल्कोहोलने पुसला आणि संपलं.

आता हळद, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. मरून रंगावर हळद दिसत नाही हे खरं, पण सोनेरी काठावर आणि पोपटाच्या बाजूला ती दिसणारच होती, वर टॉप कोटवरही पिवळट झाक येते. म्हणून हळदीच्या आदल्या रात्री तिच्या नखांवर साध्या पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात दिला. नुसतं साधं, ट्रान्सपरंट, चाळीस रुपयांचं. हळद झाली, अंघोळ झाली, नखं बघितली तर व्हायची तशी पिवळी. मग अ‍ॅसिटोन नसलेला नेलपॉलिश रिमूव्हर घेतला, कापसाने पुसला, ते वरचं पॉलिश हळदीसकट निघून आलं आणि खालचं जेल जसंच्या तसं, कारण त्या रिमूव्हरने घट्ट झालेलं जेल हलत नाही. रिमूव्हर मात्र अ‍ॅसिटोन नसलेलाच हवा, बाटलीवर वाचून घ्या.

करवल्यांचं सांगते. दोघींनी माझं न ऐकता फिकट गुलाबी केलं होतं, वर काही लावलंही नाही, त्यांची नखं पिवळी झाली. एकीने साबणाने घासली तर ती चक्क लालसर व्हायला लागली. साबण म्हणजे अल्कली, त्यात हळद लाल होते, हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो तेच इथेही. त्यांना गच्चीत उन्हात बसवलं. हळदीचा रंग उन्हात उडतो, आई हळदीचे डाग पडलेले डबे आणि टॉवेल उन्हात टाकते ते उगाच नाही. संध्याकाळपर्यंत बरंच फिकं झालं, पूर्ण नाही गेलं, पण रिसेप्शनला चालून गेलं.

लग्नात नखांना काही झालं नाही. सासरी गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात फोटो आला, उजव्या अंगठ्याचा काठ उडालेला. मी विचारलं काय केलंस, तर लसूण. लसूण सोलताना नखाचं टोक पाकळीत खुपसतो ना आपण, ते कुठल्याही टॉप कोटला झेपत नाही. कणीक, भांडी, अगदी तारेची घासणीसुद्धा परवडली. तिला सांगितलं की लसूण सुरीच्या पात्याखाली ठेचून घे, साल आपोआप सुटतं, आणि भांड्यांना हातमोजे घाल. हातमोज्यांवर तिच्या सासूबाई हसल्या म्हणे, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच वापरले.

काढायला ती माझ्याकडेच आली. सुटलेला कोपरा धरून ओढायची तिला फार खुमखुमी होती, तसं कधी करू नका, जेलबरोबर नखाचा थर निघून येतो. आधी फायलीने वरची चमक घासली, मग अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस प्रत्येक नखावर ठेवून पोळ्या गुंडाळायच्या फॉइलने बोटं बांधली, दहा-पंधरा मिनिटांनी जेल भुसभुशीत होऊन काडीने निघालं. जे निघालं नाही ते परत बांधलं, खरवडलं नाही. पोपट सगळ्यात शेवटी गेले. मग खोबरेल तेल, आणि आता काही आठवडे नखं कोरी.

सासूबाईंना पण मंगळागौरीला हवीत म्हणे, पण पोपट नको, कमळ काढ असा निरोप आलाय. बेस कोट तळाला गेलाय, तो आजच मागवते.