हजेरीच्या वहीतली बावीस नावं

वाळूजच्या त्या वर्कशॉपचं काम घेतलं, तेव्हा मालकांनी सगळ्यात आधी एक एक्सेल शीट माझ्यापुढे ठेवलं. आधीच्या एजन्सीने दिलेलं. बावीस ओळी. प्रत्येक ओळीत एक नाव, एक जीमेल, पासवर्ड आणि लिंक्डइन प्रोफाइलचा पत्ता. "बावीस ठिकाणी आपली वेबसाइट लावलीय म्हणतात," मालक म्हणाले. "आठ महिने झाले, एक एन्क्वायरी नाही. तुम्ही बघा बरं काय गडबड आहे."

मी हेच काम करतो. लहान कारखानदारांच्या वेबसाइटवर लिंक्डइनमधून योग्य माणूस आणायचा. लोकांना वाटतं मी पोस्ट लिहितो. प्रत्यक्षात निम्मा वेळ फोटोंपायी जातो, कारण मशीनवरच्या पार्टच्या फोटोत चुकून ड्रॉइंग दिसलं तर कस्टमर कायमचा तुटतो.

शीट बघून मला पहिल्यांदा रागच आला. लिंक्डइनवरच्या बाहेर जाणाऱ्या लिंकला नोफॉलोची खूण असते. शोधयंत्रांनी त्या लिंकचा भाव धरू नये म्हणून २००५ साली आलेली ही खूण. म्हणजे बावीस काय, दोनशे प्रोफाइलला लिंक चिकटवली तरी गूगलमध्ये साइट वर येत नाही. ज्यांनी हे पॅकेज विकलं त्यांना हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. ॲनालिटिक्स उघडलं. आठ महिन्यांत लिंक्डइनवरून एकतीस जण आले होते आणि जवळजवळ सगळे चार-पाच सेकंदांत परत गेले होते. एकच जण बुशच्या, म्हणजे पोकळ नळीसारख्या पार्टच्या, पानावर सहा मिनिटं थांबला होता.

खरं सांगतो, तोवर माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं की यातल्या बऱ्या चार-पाच प्रोफाइल ठेवाव्यात आणि बाकीच्या काढून टाकाव्यात. ही नावं कुणाची, हे मी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात वर्कशॉपचे सेटर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर काम लावून देणारे, आत आले. चाळिशीचे, हाताला कूलंटचा वास, रांजणगाव शेणपुंजीत राहणारे. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "सर, हे मीच हाय का?"

स्क्रीनवर त्यांचंच नाव होतं. खाली इंग्रजीत 'सीनियर प्रॉडक्शन मॅनेजर', शिक्षण बीई मेकॅनिकल, आणि वर्कशॉपच्या वेबसाइटची लिंक. आदल्या दिवशी ते शेंद्र्याला एका मोठ्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेले होते. बायोडेटात खरं तेच लिहिलेलं: आयटीआय टर्नर, सीएनसी सेटर, चौदा वर्षं. एचआरने नाव टाकून बघितलं आणि विचारलं, यातलं खोटं कुठलं? त्यांना काही सांगताच आलं नाही. "मी फोनवर व्हॉट्सॲप सोडून काही वापरत नाही सर. त्यांना वाटलं मी बनवाबनवी करायलोय."

बावीसही नावं हजेरीच्या वहीतून उचलली होती. मालकांना लिंक लागल्याचं माहीत होतं, नावं कशी लागली ते त्यांनी कधी उघडून पाहिलं नव्हतं.

सेटरची परवानगी घेऊन मी ओळ क्रमांक सतराचा, म्हणजे त्यांच्या नावाच्या खात्याचा, इनबॉक्स उघडला. एकोणीस दिवसांपासून एक मेसेज न वाचलेला पडून होता. चाकणच्या एका पर्चेसवाल्याचा: स्टेनलेस ३०४चं पातळ भिंतीचं बुश, बोर २५ एच७, टर्निंगमध्येच (लेथवरच) मापात धरता का, की ग्राइंडिंगला (घासून मापात आणायला) पाठवता? २५ एच७ म्हणजे बोरचा, आतल्या भोकाचा, व्यास २५ मिलिमीटरपेक्षा शून्य ते २१ मायक्रॉनच जास्त. त्याच्या आत बोर बसला पाहिजे. सहा मिनिटं थांबलेला माणूस बहुधा हाच.

सेटरनी मेसेज मला दोनदा वाचायला लावला. मग एवढा वेळ पडलेला चेहरा एकदम बदलला. "टर्निंगमध्ये बसतं. पण चकच्या तीन जॉत, पकडीत, आवळलं की बुश दबतं. बोर गोल निघतो, अन् चक सोडला की तिकोनी. सॉफ्ट जॉ त्याच्या ओडीला, बाहेरच्या मापाला, बोअर करून घ्यायचे, फिनिशिंगला प्रेशर उतरवायचं. आणि मापाचं गेज मशीनवर लावून उपयोग नाही. काढायचं, थंड होऊ द्यायचं, मग लावायचं." वेबसाइटवर 'क्वालिटी इज अवर मोटो' लिहिलं होतं. आठ महिन्यांत तिथे या उत्तराच्या तोडीचं एक वाक्य आलं नव्हतं.

मालक हळूच म्हणाले, "बाकीच्या काढा. ही एक राहू द्या. हिच्यावरूनच तर आलंय ना?"

मी नाही म्हणालो. आयटी कायद्याचं ६६डी कलम वाचून दाखवलं: संगणक वापरून तोतयेगिरीने फसवणूक, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. मालक गप्प झाले. वाईट माणूस नाही तो. सेटर एवढंच म्हणाले, "साहेब, विचारलं असतं तर नाव दिलं असतं."

मग संध्याकाळी साडेसातपर्यंत एकेक खातं बंद करत बसलो. सेटिंग्ज, क्लोज अकाउंट, कारण, पासवर्ड. बावीस वेळा. सतरावं शेवटी.

त्याच्या आधी मालकांची स्वतःची प्रोफाइल नीट केली. हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात आणि लोक ती 'आंत्रप्रेन्योर, व्हिजनरी' असल्या शब्दांत घालवतात. आम्ही लिहिलं: पातळ भिंतीची स्टेनलेस बुश, २५ एच७, टर्निंगमध्येच, वाळूज. नावाखालची लिंक होमपेजवर न नेता थेट बुशच्या पानावर नेली आणि तिला यूटीएम टॅग लावला, म्हणजे कोण कुठून आलं ते कळतं. त्या पानाला प्रिव्ह्यूचं चित्रच नव्हतं, त्यामुळे लिंक शेअर केली की टेम्पलेटमधला परदेशी ऑफिसचा फोटो यायचा. तिथे सॉफ्ट जॉमध्ये धरलेल्या बुशचा फोटो बसवला. चाकणला उत्तर मालकांच्या नावाने गेलं, सेटरच्या शब्दांत, शेवटी 'आमच्या सेटरनी सांगितल्याप्रमाणे' असं लिहून. तिसऱ्या दिवशी ड्रॉइंग आलं. ट्रायलचे नग पास झाले.

शेंद्र्याच्या एचआरला मालकांनी लेटरहेडवर खुलासा दिला. जागा तोवर भरली होती.

पंधरा दिवसांनी सेटरनीच मला बोलावलं. खरी प्रोफाइल करायची होती. कँटीनच्या बाकावर, त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच नंबरावर केली. पद विचारलं, तर म्हणाले, "सीएनसी सेटर. जास्त काही नको." त्यांनी सांगितलेली सॉफ्ट जॉची रीत तशीच्या तशी खाली लिहिली. मग वेबसाइटचा रकाना आला. मालकांनी सकाळीच मला सांगून ठेवलं होतं, तेवढी लिंक टाका म्हणून.

मी फोन त्यांच्याकडे दिला आणि विचारलं. त्यांनी बराच वेळ त्या रिकाम्या रकान्याकडे बघितलं.

"ते राहू द्या सर."

मी राहू दिलं. मालकांना अजून सांगितलेलं नाही.