उसातली पिल्लं

जानेवारी, रात्री उशिरा

गळीत हंगाम भरात आला की निपाणी-चिकोडी पट्ट्यात मोबाईलवर फिरायला लागतं, ‘उसात बिबट्याची पिल्लं’. तोडीची टोळी विजापूरकडची असली तर तेच कन्नडात ‘चिरते मरी’. पुष्कळदा ती निघतात रानमांजराची: अंगावर पुसट पट्टे, आखूड शेपटीला काळी कडी. बिबट्याच्या पिल्लाला दाट काळे ठिपके आणि लांब शेपूट. कुठलंही असो, फॉरेस्टला फोन करायचा आणि पिल्लू घरी न्यायचं नाही.

कोयते चालू झाले की आई शेजारच्या उभ्या उसात सरकते, टाकून जात नाही. माणसाचा वास लागला की पिल्लू टाकते, ही नुसती अफवा. तेवढ्या सऱ्यांची तोड थांबवायची. दिवस मावळायच्या आत टोमॅटोच्या क्रेटमध्ये कोरडं पाचट घालून, सापडली त्याच जागी पिल्लं ठेवायची. कुत्री बांधायची. बॅटऱ्या घेऊन बांधावर दहाजण बसले तर ती कशाला येईल? आई पिल्लं नेते एकेक, मानेला धरून. म्हणून पहाटे एकच उरलं दिसलं तरी उचलायची घाई नको. पहिली रात्र वाया गेली तर दुसरी आहे.

आई आलीच नाही तर फॉरेस्टमार्फत डॉक्टरकडे, आणि तिथंही दुधाची घाई नडते. अंग गार असेल तर दूध जिरतच नाही. आधी ऊब: गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एकाच कडेला, म्हणजे जास्त झालं तर पिल्लाला सरकता येतं. गाईच्या दुधानं ढाळ लागते. मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर वेगळी मिळते. १०० ग्रॅम वजनाला एका वेळी ४ मिलीपर्यंत, १ मिलीच्या सिरिंजनं, थेंब थेंब. पिल्लू पालथंच हवं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. पाजून झालं की कोमट ओल्या कापसानं खालची जागा पुसायची. आईनं चाटल्याशिवाय ती मुतत नाहीत. रोज सकाळी वजन, साधारण १० ग्रॅमची वाढ.

घरातली मांजरं लांब. त्यांचा पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा संसर्गजन्य विषाणू-रोग, रानमांजरालाही होतो, म्हणून क्रेट साबणावर न भागवता ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवायचा, मगच परत द्यायचा.