शीऽनचं मराठी: किर्र सापडलं आणि दुसऱ्याच दिवशी हातचं गेलं

मंडळी, मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, आणि त्यातले आवाजाचे शब्द मी वहीत मराठीत उतरवतेय. मागच्या नोंदीत ‘शीऽन’ या शांततेच्या शब्दापाशी येऊन थांबले होते. त्यानंतर तीन आठवडे वहीचं एक पान पुढे सरकलं नाही. गेल्या रविवारी रात्री उत्तर सापडलं, सोमवारी सकाळी ते हातचं गेलं, आणि काल संध्याकाळी असं काही हाती लागलं की पुढचा सगळा बेतच बदलला. म्हणून ही नोंद लांबणार आहे.

आधी किरकोळ जमा सांगते.

‘गुरुगुरु’ निकालात निघालं. जुनजी इतोच्या ‘उझुमाकी’ या भयकथेत (ही १९९८-९९ मध्ये ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’मध्ये क्रमशः आली) हा शब्द टाळून पुढे जाताच येत नाही. ऐकायला आपल्या ‘गुरगुर’चा सख्खा भाऊ वाटतो, पण तो गोल फिरण्याचा शब्द आहे. ‘भिरभिर’ लावून पाहिलं, ते हलकं पडलं, पाकोळीचं झालं. ‘गरगर’मध्ये डोकं फिरतं, पोटात ढवळतं आणि पाण्यातला भोवराही येतो. शब्द ठरला आणि मग अक्षरं काढताना खरी मजा आली. शिरोरेखाच गुंडाळली! बोरूने बाहेरून आत जाणारी एकच वळत जाणारी रेघ ओढली आणि त्या रेघेला ग-र-ग-र टांगत आत गेले, आत जाईल तसं अक्षर लहान. बोरूचा काप तिरपा असल्यामुळे वळणावर रेघ आपोआप जाड-बारीक होते, वेगळं काही करावं लागत नाही. कताकाना या जपानी लिपीत हे जमणार नाही, तिथली अक्षरं सुटी असतात. आपली एका दांडीवर वाळत घातल्यासारखी असतात. ही दांडी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

‘हिताहिता’ही जवळजवळ झालं. ओली अनवाणी पावलं मागून येतात, त्यांचा हा आवाज. पुस्तकात बघून सुचेना, म्हणून पाय धुतले आणि न पुसता घरभर चालले. हॉलमधल्या गुळगुळीत टाइल्सवर नुसतं ‘चिप्’ येतं. मागच्या ओट्यावर शहाबादी फरशी आहे, तिथे दोन आवाज येतात: पाऊल टेकताना ‘थप्’ आणि तळवा सुटताना बारीकसा ‘चक्’. भीती त्या दुसऱ्यात आहे. पाऊल पडल्याचा आवाज कोणाचाही असू शकतो, पण तळवा फरशीपासून सुटल्याचा आवाज ऐकू आला तर तो माणूस फार जवळ आलेला असतो. सध्या ‘थप्‌चक्… थप्‌चक्…’ असं लिहिलंय, ‘चक्’ अगदी बारीक टाकाने. यापेक्षा बरं कोणाला सुचलं तर जरूर सांगा.

ट्रेसिंग पेपरबद्दल एक तक्रार. नव्वद जीएसएम म्हणून मागवलेल्या गठ्ठ्यात पातळ कागद आला, शाई लागली की पापडासारखा आकसतो. चार पानं वाया गेली. आता कागद बोटांनी चाचपल्याशिवाय घेणार नाही, अप्पा बळवंत चौकात स्वतः जाऊन आणते. शाई कॅम्लिनची वॉटरप्रूफ काळीच, तिच्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

आता शीऽन.

नव्याने आलेल्यांसाठी दोन ओळी. चौकटीत कसलाच आवाज नसतो तेव्हा मांगाकार तिथे ‘शीऽन’ लिहितो. म्हणजे शांततेलाही आवाज आहे, आणि तो पानावर दिसतो. इंग्रजी आवृत्त्यांत याचे हाल होतात. कुठे ‘सायलेन्स’ असं लिहून मोकळे होतात, कुठे पुसूनच टाकतात. इंग्रजीत मांगा छापणाऱ्या येन प्रेसची पद्धत मला पटते: मूळ अक्षरं जागच्या जागी ठेवायची आणि शेजारी बारीक टाइपात उच्चार व अर्थ द्यायचा. चित्राला धक्का लागत नाही. पण मराठीत तसं करणं मला पळवाट वाटते, कारण आपल्याकडे शब्द नाहीत अशातला भाग नाही. शाळेत ‘अभ्यस्त शब्द’ म्हणून जो धडा होता तो काढून बसा. कटकट, किरकिर, रिमझिम तर आहेतच, पण ज्यांना आवाज नाही असेही किती निघतात: लुकलुक, टकमक, आणि धड्याबाहेरचे मिट्ट, लख्ख, धस्स. जपानी वाचकाला हे सगळं आपलं वाटेल. मोल्सवर्थचा कोश (१८५७ ची दुसरी आवृत्ती) उघडला की एकेका आवाजासाठी रांगेने शब्द सापडतात.

शांततेचेच घ्या. ‘शुकशुकाट’ म्हणजे माणसं असायला हवी होती आणि नाहीत. ‘चिडीचूप’ म्हणजे माणसं आहेत, पण बोलत नाहीत. ‘सामसूम’ रस्त्याची आणि रात्रीची. ‘नीरव’ कवितेतली, ती चौकटीत लिहिली तर चौकट सजवल्यासारखी होते. ‘सुन्न’ माणसाच्या आतली. प्रत्येक शब्द बरोबर आहे, पण प्रत्येकाला अर्थ चिकटलेला आहे. शीऽनला अर्थ नाही, नुसता कानाला जाणवतो. तीन आठवडे अडले ते इथे.

रविवारी रात्री नारायण धारपांची एक जुनी भयकथा पुन्हा वाचत होते आणि डोक्यात ‘किर्र’ वाजलं. किर्र रान. किर्र झाडी. किर्र काळोख! आवाजाचा शब्द आणि तो आपण शांततेला लावतो, अंधारालाही लावतो. इतकी वर्षं जवळ असलेला शब्द. रात्री दीड वाजता बोरू काढला आणि ‘किर्रऽऽऽ’ चौकटभर ओढून टाकलं. अवग्रह ओळीने मांडले की स्वर लांबवणाऱ्या जपानी रेघेचं काम करतात. र्रवरचा रफार सुरीच्या पात्यासारखा दिसत होता. मी फार खूश होते.

सोमवारी सकाळी त्याच आनंदात मोकुमोकुरेनचं ‘द समर हिकारू डाइड’ पुढे घेतलं आणि सगळं ढासळलं.

गेल्या पाचसहा वर्षांत मी वाचलेल्या भयमांगांत हे मला सगळ्यात जवळचं. २०२१ पासून चालू आहे, इंग्रजीत २०२३ पासून येतंय. डोंगरातलं गाव आणि ऐन उन्हाळा. योशिकीला कळून चुकतं की डोंगरातून परत आलेला आपला मित्र हिकारू हा हिकारू नाहीच, त्याच्या रूपात दुसरंच काहीतरी आलंय. आणि तरीही तो त्याच्यासोबत राहतो, कारण खरा हिकारू गेला हे मान्य करण्यापेक्षा ते सोपं आहे. इथे रक्तापेक्षा दुःख जास्त घाबरवतं. आणि या सगळ्यावर सिकाडांचं, म्हणजे उन्हाळ्यात झाडांवर ओरडणाऱ्या किड्यांचं, ओरडणं, चौकटींवर अक्षरांचा थर बसतो इतकं. उकाडा त्या अक्षरांतूनच कळतो.

आता सांगा, सिकाडा मराठीत काय ओरडतो? किर्र. दुसरं काय ओरडणार! म्हणजे माझ्या वहीत किडे ओरडतात तेव्हाही ‘किर्र’ आणि किडे थांबतात तेव्हाही ‘किर्र’. आपली शांतता किड्यांनी भरलेली असते, म्हणूनच तर हा शब्द शांततेचा झाला. रातकिडे ऐकू येतात याचाच अर्थ बाकी सगळं निजलंय. पण किडेच थांबले तर त्या जागेला नाव काय?

उमेझुच्या ‘द ड्रिफ्टिंग क्लासरूम’मध्येही (१९७२-७४) हाच प्रश्न वेगळ्या तोंडाने येतो. अख्खी शाळा उजाड भविष्यकाळात जाऊन पडते. फाटकाबाहेर नजर जाईल तिथवर ओसाड. तिथे किर्र कोण करणार? काझुओ उमेझु २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ८८ व्या वर्षी गेले, तेव्हापासून तीन जाडजूड खंडांची आवृत्ती हळूहळू वाचतेय. त्यांची किंचाळणारी मुलं सगळ्यांना आठवतात. मला त्या किंचाळ्यांमधली रिकामी वाळू जास्त लागते.

थांबलेल्या किड्यांचा अनुभव मला आहे. देवरुखजवळ मामाच्या घरामागे फणस आहे. मे महिन्यात भर दुपारी त्याच्यावर इतकी ओरड असते की पडवीत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. लहानपणी एकदा पाय न वाजवता त्या झाडाखाली गेले. खोडावर हात टेकला आणि एका क्षणात सगळं बंद. एक किडा मागे राहिला नाही. कानात दडे बसल्यासारखं झालं. वर पाहिलं तर पान हलत नव्हतं, आणि झाडावरचे सगळे माझ्याकडे बघतायत हे मला कळलं. किडा एकही दिसत नव्हता. किती वेळ गेला माहीत नाही. मी हात काढला, चार पावलं मागे आले, तेव्हा एकाने सुरुवात केली आणि मग सगळे.

त्या मधल्या क्षणाला शब्द हवा होता. चार दिवस गेले. ‘चिडीचूप’ पुन्हा आणलं, पुन्हा खोडलं. नुसती कोरी चौकट सोडून पाहिली, ती अपुरी वाटली, अक्षरं काढायची राहून गेल्यासारखी.

वाट फुटली ती एमिल फेरिसच्या ‘माय फेव्हरिट थिंग इज मॉन्स्टर्स’मुळे. पहिला भाग २०१७ चा, दुसऱ्यासाठी २०२४ पर्यंत थांबावं लागलं. दुसरा भाग पहिल्याइतका घट्ट नाही असं माझं मत आहे, शेवटाकडे धागे सैल पडतात, पण एकेक पान बघत बसावं असं. १९६८ चं शिकागो, स्वतःला लांडगा-माणूस म्हणून चित्रात काढणारी दहा वर्षांची कॅरन, आणि सगळं पुस्तक तिच्या रेघांच्या वहीत बॉलपेनने काढलेलं. त्या चेहऱ्यांच्या मागून वहीच्या रेघा जात राहतात. एका पानावर बोट ठेवून त्या रेघेवरून सरकत होते आणि लक्षात आलं: रेघ आहे, तिच्यावर काही लिहिलेलं नाही. आपल्याकडे अशी रेघ प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर असते.

रिकामी शिरोरेखा!

अक्षरं गळून पडली आणि दांडी तेवढी उरली. मराठी वाचणाऱ्या डोळ्याला तिथे काहीतरी टांगलेलं असायला हवं हे शिकवावं लागत नाही. लगेच एका चौकटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. मला अंगावर काटा आला. भाचीला दाखवलं तर ती म्हणाली, “मावशी, ही दोरी कसली?”

बरोबरच होतं तिचं. एकटी रेघ दोरीच असते. आधी तिला अक्षरं लटकलेली दिसायला हवीत. म्हणून तीन चौकटींची ओळ घेतली आणि तिन्हींवरून एकच शिरोरेखा. पहिलीत ‘किर्रर्रर्रर्र’ दाटीवाटीने, दुसरीत विरळ, एखादा ‘र’ अर्धवट, तिसरीत काही नाही. ट्रेसिंग पेपर मांगाच्या पानावर ठेवला आणि नवीनच घोळ समोर आला. मांगाची चौकट उजवीकडून डावीकडे वाचायची, माझी शिरोरेखा डावीकडून उजवीकडे धावते. म्हणजे डोळा रेघेवरून गेला की आधी शांतता लागते, मग ओरड. नेमकं उलटं. पान आरशासारखं फिरवणं हा एक उपाय, पूर्वी इंग्रजीत तसंच छापायचे, २००२ च्या सुमाराला टोकियोपॉप या प्रकाशकाने मूळ दिशेचा आग्रह धरला तेव्हा ते मागे पडलं. पण मला फिरवायचं नाही. फिरवलं की किमोनोची उजवी बाजू वर येते, आणि तसा किमोनो जपानमध्ये प्रेताला नेसवतात. एका आवाजासाठी गावातल्या सगळ्यांना प्रेत करायचं?

तेव्हा बेत बदलला. दिवाळीपर्यंत एक अख्खं प्रकरण मराठी आवाजांत उतरवायचं ठरवलं होतं, ते बाजूला ठेवते. आठ पानांची स्वतःची गोष्ट काढणार, डावीकडून उजवीकडे. देवरुखची दुपार, फणस, खोडावर टेकलेला हात. आवाजाचे शब्द सोडले तर एकही संवाद नाही.

काल संध्याकाळी त्या तीन चौकटी नव्याने, आपल्या दिशेने काढल्या. भाचीने पहिलीवर बोट ठेवलं, रेघेवरून सरकवत नेलं, तिसरीत आल्यावर बोट तिथेच ठेवून हळू म्हणाली, “थांबले.”

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचतंय. आपल्या पुस्तकात पान उलटल्यावर नजर पहिली डाव्या पानावर पडते. म्हणजे रिकामी रेघ उजव्या पानाच्या कडेपर्यंत नेऊन तशीच बाहेर जाऊ द्यायची, आणि उलटल्यावर डाव्या पानावर ती आलीच पाहिजे. पण तिला काय टांगलेलं असेल? ‘थप्‌चक्’? की खोडावरचा हात, पण आता बोटं जास्त? ‘उझुमाकी’च्या २०२४ च्या अ‍ॅनिमेशन मालिकेत (पहिला भाग अप्रतिम, नंतरचे उतरत गेले) प्रत्येक आवाज खराच ऐकू येत होता, तरी मला पानाइतकी भीती वाटली नाही. पानावर आवाज वाचकालाच काढावा लागतो. म्हणून उलटल्यावर फार मोठं काही नको. उकेत्सुच्या ‘स्ट्रेंज हाउसेस’मध्ये घराच्या नकाशातल्या एका निरर्थक पोकळीने जेवढं घाबरवलं तेवढं पुरे.

पहिल्या दोन पानांची पेन्सिल झाली आहे. शिरोरेखा पेन्सिलीने आखणार नाही, थेट शाईने एका दमात ओढायची आहे, कारण मध्ये बोरू उचलला की जोड दिसतो. रुंद कापाचा एक बोरू आज पाण्यात भिजत घातलाय. रविवारी रद्दीच्या कागदावर सराव.