गंगाळातलं पाणी

चर्चच्या तरुण संघाच्या वार्षिक शिबिराला निघताना आई बॅगेत दोन टॉवेल घालायची. एक रोजचा, दुसरा पांढराशुभ्र, घडी न मोडलेला. तो शेवटच्या संध्याकाळसाठी. तीन दिवसांच्या शिबिराची सांगता पाय धुण्याच्या उपासनेने होई आणि तिथे आपला टॉवेल कळकट दिसू नये, ही तिची काळजी.

काळजी आम्हालाही असायचीच. उपासनेच्या अर्धा तास आधी नळावर ही रांग लागे! टाचा घासून, नखं कापून, पावडर लावून आम्ही गंगाळापाशी जायचो. पन्नास जणांचे पाय धुऊन झाले तरी पाणी जसंच्या तसं नितळ. तेव्हा यात कोणालाच काही गंमत वाटत नसे.

पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, वाटत असावी. बोलून दाखवायची त्यांची पद्धत नव्हती, पण खोड्या काढायची होती. एका वर्षी लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या, 14 व्या अध्यायावर मनन झालं. मेजवानीला बोलावलं तर मानाची जागा धरू नका, शेवटी जाऊन बसा, असं येशू तिथे सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा संघ मागच्या रांगांत दाटीवाटीने बसलेला, आणि पुढच्या चटया रिकाम्या. पाळकसाहेबांनी शांतपणे बायबल ठेवायचं स्टँड उचललं, हॉलच्या मागच्या भिंतीपाशी नेलं आणि म्हणाले, "चला, वळून बसा." क्षणात आम्ही पहिल्या रांगेत! हसून हसून त्या दिवशीचा शास्त्रपाठ दहा मिनिटं उशिरा सुरू झाला.

कामांचा तक्ताही त्यांचाच. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या 35 व्या प्रकरणात स्वयंपाकघराची पाळी आहे. आजारी किंवा फार महत्त्वाच्या कामात गुंतलेला नसेल, तर कोणालाही सूट नाही. आठवडा संपला की भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत परत करायची, आणि पाळी सोडणाऱ्याने व धरणाऱ्याने मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. हे वाचून दाखवून साहेबांनी भिंतीवर तक्ता चिकटवला. संडास सफाईपुढे पहिलंच नाव संघाच्या अध्यक्षांचं. नेमकी त्याच वेळी त्यांना कार्यकारिणीची तातडीची बैठक आठवली. मी तरी कुठला मोठा? भांडी घासताना पाळकसाहेब दिसले की माझे हात जोरात चालायचे. ते वळले की मंदावायचे.

शेवटच्या संध्याकाळी योहानाच्या शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय वाचला जाई. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री, शेवटच्या भोजनाच्या वेळी, येशू शिष्यांचे पाय धुतो, ते त्यात आहे. बाकीच्या तीन शुभवर्तमानांत त्या रात्रीची भाकर आणि प्याला आहे, पाय धुणं फक्त योहानात. साहेब दरवर्षी दोन गोष्टींवर थांबत. एक, लूक सांगतो की त्याच भोजनाच्या वेळी आपल्यात मोठा कोण यावरून शिष्यांचा वाद चालला होता. दोन, येशूला धरून देणारा शिष्य यहूदा उठून गेला तो पाय धुऊन झाल्यावर. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. एवढं सांगून ते गप्प बसत. त्या शांततेत मागच्या दाराआडून भांड्यांचा आवाज ऐकू येई.

तो आवाज मावशींचा. शिबिराचा स्वयंपाक वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. सेवेवरचं प्रत्येक प्रवचन त्यांनी भिंतीपलीकडूनच ऐकलं असणार, तेही अर्धंमुर्धं.

माझ्या शेवटच्या शिबिरात वाचन संपलं आणि पाळकसाहेब गंगाळ उचलून थेट मागच्या दाराने आत गेले. टॉवेल धरायची पाळी माझी, म्हणून मी मागोमाग. मावशी चुलीची राख काढत होत्या.

"मावशी, बसा."

"माझे नकोत साहेब. बघा तरी कसे झालेत."

"म्हणून तर आलो."

"मी मागाहून धुते ना माझे मी!"

येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्रही नाहीच म्हणाला होता, पण साहेबांनी पेत्राचं नाव काढलं नाही. ते ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसले आणि वाट बघत राहिले. इतका वेळ, की मलाच अवघडल्यासारखं झालं. अखेर मावशींनी स्टूल ओढलं, पदर तोंडाला लावला आणि एक पाय पुढे केला. भेगांत राख भरलेली. तो पाय पाण्यात जाताच पाणी काळं झालं. साहेबांनी ते ओतून दिलं, नवं घेतलं आणि दुसरा पाय धुतला. आईचा टॉवेल मी मुकाट्याने पुढे केला.

पाय पुसून होताच मावशी सवयीने उठल्या आणि गंगाळाची एक कडी धरली. "द्या, मी ओतते." दुसरी कडी साहेबांच्या हातात. "राहू द्या मावशी." "अहो, द्या म्हणते ना!" कोणीच सोडेना. पाणी दोघांच्या कपड्यांवर हिंदकळत होतं. शेवटी दोघं तसंच गंगाळ धरून, एकमेकांना दटावत, तिरके तिरके मोरीकडे निघाले.