स्टेअरिंग जड झालं, पण पंप चांगला निघाला

संक्रांतीच्या तोंडावर, सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरलेली आणि इकडे आमच्या उसाला तोड आलेली, नेमकं तेव्हाच ट्रॅक्टरचं स्टेअरिंग जड झालं. ट्रॅक्टर वीस वर्षांचा, शेत मोहोळ तालुक्यात. भरलेली ट्रॉली वळवताना स्टेअरिंग मध्येच अडायचं, मग एकदम झटक्याने फिरायचं. स्टेअरिंगला तेल पुरवणाऱ्या पंपातून कुईंऽऽ असा आवाज. रेस वाढवली की जरा हलकं लागायचं.

गॅरेजवाल्याने उभ्या उभ्या सांगितलं, "पंप गेला." हंगामात नवा पंप घालायला माझं मन घेईना. मग ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घरी बोलावलं.

त्यांनी पंपाला हातच लावला नाही. पुढचा एक्सल जॅकवर घेतला, चाकं वळवणाऱ्या सिलेंडरची पिन काढली आणि चाकं हाताने ढकलून पाहिली. सहज फिरली, म्हणजे चाकं ज्यांवर वळतात ते किंगपिन, बुश धरलेले नव्हते. मग पिन बसवून, इंजिन चालू करून म्हणाले, "आता स्टेअरिंगच्या तेलटाकीचं झाकण उघड की."

आत तेल कुठलं, घुसळलेलं ताकच! वरपर्यंत पांढुरका फेस. "पाणी असतं तर तेल उभं ठेवूनही दुधाळच राहिलं असतं. ही हवा हाय. फेस दाबला जातो, तेल दाबलं जात नाही. मग पंप तरी काय करणार?"

आमच्या ट्रॅक्टरला स्टेअरिंगपासून चाकापर्यंत लोखंडी जोड नाहीच. स्टेअरिंगच्या खाली बसवलेला ऑर्बिट्रोल नावाचा व्हॉल्व्ह तेल मोजून सिलेंडरला देतो, सिलेंडर चाकं वळवतो. मधला दुवा म्हणजे तेलच. हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

हवा शिरत होती टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या सक्शन पाईपातून. क्लॅम्पखाली रबराला नखाएवढी चीर, त्यावर तेलकट धूळ चिकटलेली. इंजिन चालू असताना ती गळत नाही, उलट हवा ओढते, म्हणून मला कधी दिसलीच नाही. मिस्त्रींनी तिच्यावर ग्रीसचा गोळा दाबला आणि आवाज जागेवर बसला. अंगावर काटा आला माझ्या.

पाईप आणि क्लॅम्प बदलले, टाकीखालची जाळी धुतली, मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच तेल भरलं. हवा काढायला पुढची चाकं उचलून, मंद रेसवर स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं, मधूनमधून तेल भरत. टोकाला दाबून धरायचं नाही, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल तापतं.

स्टेअरिंग हलकं झालं, पण टोकाला गेल्यावरही हळूहळू फिरतच राहायचं. मग सिलेंडर तपासला. दट्ट्या एका टोकाला नेला, इंजिन बंद केलं, सिलेंडरचा परतीचा होज (तेलाची नळी) सोडून त्या नळीला बूच मारलं. इंजिन चालू करून त्याच बाजूला स्टेअरिंग दाबलं, तर सिलेंडरच्या उघड्या तोंडातून तेलाची धार लागली. आतलं सील गेलेलं. सील किट सोलापूरहून आणलं, दुपारपर्यंत काम उरकलं.

एक गोष्ट मिस्त्रींनी दटावून सांगितली, दाबाच्या होजची गळती कधी बोटाने चाचपायची नाही. बारीक धारही कातडीत घुसते. पुठ्ठा धरून बघायचं.

त्याच संध्याकाळी भरलेली ट्रॉली बांधावरून एका हाताने वळवली. जुना पंप अजून तोच आहे.